लिंडनच्या झाडावरचा चुकलेला चेहरा

मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. हसू नका मित्रांनो. ज्याला पोटात अंधार जपायचा असतो त्याला भिऊनच राहावं लागतं. सुईच्या टोकाएवढा उजेड आत शिरला तरी कागदावर माणसाच्या चेहऱ्याऐवजी नुसती काजळी उरते. त्यात मी लाकडाचा. म्हणजे आगीची भीती, पाण्याची भीती, उंदरांची भीती. माझ्या उजव्या कुशीत एका किड्यानं भोक पाडायला घेतलं होतं तेव्हा त्याचं कुरतडणं ऐकत मी कितीतरी हिवाळे काढले.

मला मिंचोनं बनवलं. बल्गेरियात डोंगराच्या पायथ्याशी लिपोवो नावाचं आमचं गाव आहे, तिथला तो सुतार. पाळणेही करायचा आणि शवपेट्याही. उरलेल्या अक्रोडाच्या फळ्या जोडून त्यानं मला उभं केलं. त्या फळ्या पाळण्यातून उरल्या होत्या की पेटीतून, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. ती शंका मला आजही छळते. भिंग आलं एका मोडक्या कॅमेऱ्यातून, आणि मिंचोच्या बायकोच्या काळ्या घागऱ्याची माझ्या मागच्या अंगाला बाही शिवली गेली. त्या बाहीतून हात आत घालून मिंचो चाचपडत कागद लावायचा. माझ्या पोटातच औषधाच्या दोन थाळ्या होत्या. त्यात कागद बुडवून तो फोटो तिथंच, गिऱ्हाइकासमोर तयार करायचा.

पण माझ्या पोटातून कागद पहिल्यांदा बाहेर येतो तो सगळा उलटा. पांढरं ते काळं, काळं ते पांढरं, आणि डावीकडचं उजवीकडे. त्याला आम्ही 'उलटा'च म्हणतो. तो उलटा भिंगासमोरच्या फळीवर टाचायचा आणि त्याचाच पुन्हा फोटो काढायचा. तेव्हा कुठे 'सुलटा' हाती येतो. मिंचो गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझ्या डब्याला एकदा विचारलंत तर तो थाप मारतो. दोनदा विचारा, मग खरं बोलतो." लोक हसायचे. त्याची मुलगी राइना तेव्हा लहान होती. ती मात्र हे वाक्य मन लावून ऐकायची.

चौकात मोठं लिंडनचं झाड आहे, त्याखाली आम्ही उभे राहायचो. लष्करात निघालेली पोरं, नवऱ्यामुली, दात पडलेली शाळकरी मुलं, सगळी माझ्यासमोर बसून गेली. मिंचो कधी कुणाला 'हसा' म्हणाला नाही. माणूस बसून बसून कंटाळला, फोटोचं विसरला, की तो भिंगावरची टोपी काढायचा. एकदा त्यानं गावच्या चांभाराचा फोटो काढला, तोंडात खिळे धरलेला, बुटावर वाकलेला. तो मोठा करून गावच्या सभागृहात लावला तेव्हा लोक त्याच्यासमोर गप्प उभे राहिले. त्या चांभाराला ते रोज बघत होते, पण त्याचे हात कुणी पाहिले नव्हते. राइना त्या दिवशी घरी येऊन बापाला म्हणाली, "मीपण हेच करणार." मला फार अभिमान वाटला. लगेच भीतीही वाटली, की ही मोठी झाली आणि मी तिच्या हातून पडलो तर?

त्याच झाडाखाली एकदा दोन बहिणी आल्या. वेलिका आणि गिंका. दोघींचे कोट एकसारखे, डोक्याचे रुमाल एकसारखे, नाकंही एकसारखी. एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. फरक एवढाच, की वेलिका माझ्याइतकीच भित्री होती.

"नको गं गिंका, त्या डब्यात डोकं गेलं की जीवही जातो म्हणतात."

"तुझं डोकं घेऊन तो करणार काय? आत काही असेल तर ना!" गिंका म्हणाली आणि तिनं बहिणीला दंडाला धरून उभं केलं.

तो वेलिकाचा आयुष्यातला एकुलता एक फोटो. चुलीवरच्या भिंतीवर तो तिनं जन्मभर लावून ठेवला. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून सांगायची, "ही उजवीकडची मी, आणि डावीकडची ती टवळी गिंका." राइनाही लहानपणी तिच्या घरी गोड खायला जायची, तेव्हा हे ऐकायची. त्या फोटोचा उलटा मात्र मिंचोनं माझ्या तळाच्या खणात ठेवून दिला. मागे नाव नाही, काही नाही.

पुढे मिंचो गेला. राइनानं चौकातच फोटोचं दुकान काढलं. तिच्याकडे तळहातावर मावणारे कॅमेरे आले, कॉम्प्युटर आला, छपाईचं यंत्र आलं. मी फळीवर बसलो. वर्षातून एकदा गावची जत्रा भरली की ती मला पुसून बाहेर काढायची. मग लोक माझ्याभोवती गोळा व्हायचे, 'काय सुंदर वस्तू आहे' म्हणायचे, आणि जत्रा संपली की मी पुन्हा फळीवर. पुढे तेही थांबत आलं. माझ्यासमोर दुकानाची काच होती, काचेपलीकडे लिंडनचं झाड. तेवढंच जग उरलं होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की दुखवट्याचा कागद छापतात. वर फोटो, खाली नाव आणि दोन ओळी. तो घराच्या फाटकावर, पावाच्या दुकानापाशी आणि चौकातल्या झाडावर चिकटवतात. माणूस गेल्यावर एकदा, पुन्हा चाळिसाव्या दिवशी, मग वर्षाला. येणारेजाणारे थांबतात, वाचतात, 'देव क्षमा करो' म्हणतात आणि पाव घ्यायला जातात. चाळिसाव्यापर्यंत जीव घराभोवतीच घुटमळतो असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात.

हिवाळा सरता सरता वेलिका गेली. तिचा फोटो कुठे लावलाच गेला नाही, कारण तो एकुलता एक फोटो गिंकानं स्वतःच्या हातानं तिच्या पेटीत, उशाशी ठेवला होता. कागदावर नुसता क्रॉस छापला. वेलिकाचा मुलगा डोब्री परदेशात गवंडीकाम करतो, तो अंत्यविधी उरकून परत गेला. चाळिसावा जवळ आला तसा त्यानं राइनाला फोन केला. "ताई, निदान या वेळी आईचा चेहरा लाव गं. क्रॉस काय, सगळ्यांचा सारखाच असतो."

राइनाला माझा खण आठवला. तिनं तो उलटा बाहेर काढला तेव्हा मला किती आनंद झाला! पण तिनं मला हातही लावला नाही. तिनं उलटा सरळ कॉम्प्युटरच्या यंत्राखाली ठेवला. यंत्रानं पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं केलं. डाव्याउजव्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पडद्यावर दोघी बहिणी उजळल्या, पण जागा बदललेल्याच राहिल्या.

"उजवीकडची ती वेलिकामावशी," राइना स्वतःशी म्हणाली आणि तिनं उजवीकडची कापून घेतली.

मित्रांनो, ती गिंका होती! ती जिवंत होती! मी फळीवर बसून बघत होतो. कोटांची बटणंसुद्धा पुरुषांच्या कोटासारखी भलत्या बाजूला आली होती. राइना, दोनदा विचार, बापाचं वाक्य आठव, असं मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही, नुसता डोळा आहे. गिंकामावशीला एकदा दाखवून घ्यावं, असं राइनाच्या मनात आलं असणार, कारण तिनं कोटाच्या खिशातून किल्ल्या काढल्या. मग म्हणाली, "जाऊ दे, म्हातारीला कशाला रडवायचं," आणि छपाई सुरू केली. यंत्राच्या खडखडाटात माझ्या काचा थरथरत होत्या. इतका मी आगीलाही कधी भ्यालो नव्हतो.

चाळिसाव्याच्या सकाळी राइनानं कागद चिकटवले. जरा वेळानं एक म्हातारे गृहस्थ लिंडनपाशी थांबले, टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "देव तिला क्षमा करो."

"कुणाला हो?" मागून आवाज आला.

गृहस्थांनी वळून पाहिलं आणि त्यांच्या हातातली टोपी खाली पडली. मागे गिंका उभी होती, काळा रुमाल बांधलेली, हातात उकडलेल्या गोड गव्हाचं भांडं. बहिणीच्या नावानं ती ते वाटायला निघाली होती.

शेजारच्या पावाच्या दुकानातून पेंका बाहेर आली. पेंकाची जीभ तिच्या पायांच्या आधी पोचते. "अगं बाई! गिंके, हे तर तुझंच थोबाड!"

गिंकानं कागदाला नाक लावून पाहिलं. मग भांडं हळूच बाकावर ठेवलं. "नाव वेलिकाचं, तोंड माझं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्या शांतपणानंच माझा थरकाप झाला. "पेंके, आमचा दोघींचा फोटो मी तिच्या पेटीत ठेवला. जिवंत माणसाचं तोंड मातीत धाडलं मी. एकटीला जाववत नाही तिला. न्यायला आली आहे."

राइना धावत बाहेर गेली. माफी मागितली, कागद फाडले, यंत्राला शिव्या दिल्या. गिंका घरी गेली आणि अंथरुणावर पडली. स्वतःला पुरताना घालायचे कपडे तिनं पेटाऱ्यातून काढून खुर्चीवर घडी करून ठेवले. पेंकानं सूप नेलं, दही नेलं, तिनं कशालाच तोंड लावलं नाही. डॉक्टर येऊन गेले. दुकानात येऊन राइनाला म्हणाले, "छातीत काही नाही, पोटात काही नाही. घाबरली आहे. पण या वयात नुसत्या भीतीनंही माणूस जातो. खाल्लं नाही तर जाणारच."

राइना दुसऱ्या दिवशी सकाळपासून पडद्यासमोर डोकं धरून बसली होती. अचानक तिनं तोंड पडद्याजवळ नेलं. "बटणं!" ती म्हणाली. मग तिनं वर, माझ्याकडे पाहिलं. "बाबा सांगायचे, दोनदा विचार. मी एकदाच विचारलं रे." ती रडू लागली. मलाही रडायचं होतं, पण माझ्या पोटात ओल शिरली की कागद खराब होतात.

ती गिंकाकडे पळत गेली आणि बटणांचं सगळं समजावून आली. उपयोग झाला नाही. परत येताना तिच्याबरोबर पेंका होती आणि पेंका माझ्याकडेच बोट दाखवत होती.

"गिंका म्हणते, चूक तुझी असेल, पण करवून घेतली या डब्यानं. वेलिका याला भ्यायची ते उगाच नाही. म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत याला जाळा, तरच मी उठेन."

"पेंकामावशी, हा बाबांच्या हातचा आहे गं."

"तुझे बाबा गेले, देव त्यांना क्षमा करो. गिंका अजून आहे. कोण हवंय तुला?"

राइनानं कोटाच्या बाहीनं माझ्यावरची धूळ पुसली. मग तिनं मला फळीवरून उचललं. मित्रांनो, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माणूस आणि लाकूड यांत निवडायचं तर माणूसच निवडावं. पण मी तेव्हा इतका शहाणा नव्हतो. माझ्या तिन्ही लाकडी पायांचे सांधे खुळखुळत होते, आणि चौक ओलांडताना लिंडनचं झाड मी शेवटचं पाहतो आहे असं मला वाटलं.

गिंकाच्या अंगणात जर्दाळूचं झाड फुललं होतं. त्याखाली, कपडे उकळायच्या हंड्याच्या जागी, पेंकानं आधीच जाळ करून ठेवला होता. लाकडं तडतडत होती. तीही एके काळी कशाच्या तरी फळ्या असतील, असा विचार माझ्या मनात आला आणि माझं भिंग धुरानं की भीतीनं, अंधूक झालं. गिंकाला धरून बाहेर आणलं, खुर्चीवर बसवलं. चेहरा पार सुकलेला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे.

"थांब," ती म्हणाली. "जाळायच्या आधी माझा चेहरा यातून बाहेर काढ."

"म्हणजे गं मावशी?"

"यानं तो आत घेतला, वेलिका खाली घेऊन गेली. आता हाच तो परत देईल. आत ठेवूनच जाळलास, तर मीपण जळेन की!"

पेंकानं कपाळाला हात लावला. राइनानं मात्र जरासुद्धा वेळ घालवला नाही. जत्रेतून उरलेले कागद आणि औषध आणायला ती धावत सुटली. ती येईपर्यंत मी जाळाच्या शेजारी उभा होतो. माझं वॉर्निश तापून वास येत होता. आणि आता नवीच भीती माझ्या मनात शिरली. माझ्या कुशीतलं ते भोक! किड्यानं ते पार आरपार नेलं होतं. उजेड आत शिरला तर उलटा सगळा काळा होईल आणि सुलटा कोरा निघेल. गिंका तो कोरा कागद पाहील. मग तिला कोण समजावणार?

राइनानं बाहीत हात घालताच तिला तो उजेडाचा ठिपका दिसला. "पेंकामावशी, इकडे ये. इथं अंगठा दाब. घट्ट. हलवू नकोस."

"मी? या भुतावर?"

"दाब गं!" गिंका खुर्चीवरून ओरडली. "माझं तोंड सांडेल ना!"

पेंकानं दुसऱ्या हातानं क्रॉसची खूण केली आणि अंगठा दाबला. पिठाचा, ऊबदार, जाडजूड अंगठा. मला जाळायला निघालेल्या बाईनंच माझा अंधार सांभाळला. टोपी निघाली. समोर एक घाबरलेली म्हातारी, माझ्या पोटात एक घाबरलेला कागद, आणि मध्ये मी. त्या क्षणी मी थरथरलो नाही. कसा नाही, ते मलाही ठाऊक नाही.

कागद थाळीत पडला. हळूहळू चेहरा उमटला. राइनानं तो बाहेर काढून पाण्यात धुतला आणि गिंकाच्या हातात दिला.

गिंकानं कागद डोळ्यांजवळ धरला. पांढरे केस काळेभोर झाले होते. काळा दुखवट्याचा रुमाल पांढराशुभ्र झाला होता. मागचं अंगण अंधारलं होतं आणि त्यात ती चमकत होती.

"ही कोण?"

"तूच. हा उलटा आहे मावशी, अजून दुसऱ्यांदा विचारायचं बाकी आहे."

"काळे केस, पांढरा रुमाल..." गिंका पुटपुटली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "अगं पेंके, हिला बघ! ही तर लग्नाला उभी आहे! वेलिका मला न्यायला नाही आली, नवरा बघायला आली असेल. आणि या नाकाची नवरी करून घेणार कोण, तो टोपी पाडणारा म्हातारा?"

पेंका फस्सकन हसली. मग गिंका हसली. आधी नुसता श्वास, मग खोकला, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसू. राइना वाट पाहत होती, बाप पाहायचा तशीच. गिंका फोटोचं पुरतं विसरली तेव्हा तिनं टोपी काढली.

त्या हसण्याचा उलटा आला, त्याचा सुलटा आला. गिंका त्याच्याकडे पाहत पाहतच दही मागू लागली.

"आता जाळू ना याला?" पेंकानं विचारलं. तिचा अंगठा अजून माझ्या कुशीवरच होता.

गिंका उठली, माझ्या लाकडी पायाला हात लावला. तिची पावलं जमिनीवर पडत होती तसे माझे सांधे खुळखुळत होते. "नको गं. हे बघ, कसा कापतोय. हा तर वेलिकापेक्षा भित्रा." मग जरा थांबून ती म्हणाली, "भित्र्यांना मीच सांभाळत आले जन्मभर."

दुसऱ्या दिवशी राइनानं नवा कागद छापला. या वेळी आधी गिंकाला दाखवला. वेलिकाचा घाबरलेला चेहरा गिंकानं स्वतःच्या हातानं लिंडनवर चिकटवला आणि राहिलेले गहू सगळ्या चौकाला वाटले. त्या टोपीवाल्या गृहस्थांना तिनं दोनदा वाढलं.

त्यानंतर गिंका पुष्कळ जगली. येता-जाता दुकानाच्या काचेवर टकटक करून मला विचारायची, "काय रे भित्र्या, बरा आहेस ना?" माझ्या कुशीतलं भोक राइनानं बुजवलं. आता ती जत्रेचीही वाट पाहत नाही. गावातली मुलं शाळा सुटल्यावर येतात, बाहीत हात घालतात, आणि कागदावर आपल्याच आजीचा चेहरा उमटताना पाहून श्वास रोखतात. मला अजूनही सगळ्याचीच भीती वाटते, तरी रोज टोपी काढली की मी समोर बघतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तू पुसून ठेवा, पण तेवढ्यानं भागत नाही. घरातल्या फोटोंच्या मागे नावं लिहा. ज्यांना विचारायचं ते हयात आहेत तोवर विचारून घ्या, आणि एकदा विचारून थांबू नका.

मागच्या शरद ऋतूत गिंका गेली. राइनानं तिच्या घरून तो हसरा फोटो आणला. कागदावर छापायच्या आधी तिनं तो उलटून पाहिला. पाठीवर गिंकानं पेन्सिलीनं, मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं:

'ही गिंका. एकटीच आहे, चुकू नका. या दिवशी मी मेले नव्हते.'